शंभराच्या आत

ऑफिसात मला 'भिंग' म्हणतात. तोंडावर नाही, पाठीमागे. पण मला कळतं, कारण लोकांच्या पाठीमागे काय चाललंय ते बघण्याचाच मला पगार मिळतो. शहराला वळसा घालून जाणारा मोठा रस्ता ज्या कंपनीकडे आहे, तिथे मी दक्षता अधिकारी आहे. कोण डिझेल पळवतं, कोण खोटी बिलं लावतं, कोण आजारपणाची रजा घेऊन मेव्हण्याच्या दुकानात गल्ल्यावर बसतं, हे शोधायचं. लोक म्हणतात, हा वाऱ्यावरसुद्धा संशय घेईल. घेईन. कुठून आलास म्हणून विचारलं तर वाऱ्याचं काय जातं?

आमच्या रस्त्याची गोष्ट साधी आहे. सगळ्या लेन फुकट, आणि म्हणून सकाळी सगळ्या तुंबलेल्या. कडेची एक लेन तेवढी पैशांची. तिच्या तोंडाशी उंचावर दिव्यांची मोठी पाटी आहे, तिच्यावर त्या घडीचा दर दिसतो. गर्दी वाढली की दर चढतो, दर चढला की बरेच जण हात आखडता घेतात, आणि जे आत शिरतात ते सुसाट निघून जातात. गर्दी ओसरली की दर उतरतो. हे सगळं यंत्र ठरवतं. अर्ध्या शहराला ही दिवसाढवळ्या लूट वाटते. माझं घर त्या लुटीवर चालतं, त्यामुळे चारचौघांत हा विषय निघाला की मी मूग गिळून बसतो.

तर या पाटीवर काही महिन्यांपासून भलतंच होऊ लागलं होतं. सकाळच्या ऐन गर्दीत, दर चांगला शंभराच्या वर चढलेला असताना, तो एकाएकी नव्वदच्या घरात यायचा. काही मिनिटं तिथे राहायचा आणि पुन्हा वर जायचा. तेवढ्यात गाड्यांची झुंबड आत घुसायची, धावती लेन रांगायला लागायची, आणि ज्यांनी आधी पुरे पैसे मोजले होते ते आत अडकून कंपनीच्या नावाने खडे फोडायचे. एका वकिलाने तर नोटीसच धाडली.

मोठ्या साहेबांनी मला बोलावून घेतलं. साहेब हळू बोलतात आणि बोलताना समोरच्याच्या हातांकडे बघतात, ही सवय मी त्यांच्याकडूनच उचलली आहे. ते म्हणाले की कुणाचा तरी फायदा असल्याशिवाय कुणी बटण दाबत नाही. मी मान डोलावली. मी बोललो असतो तर हेच वाक्य बोललो असतो. जो कोणी असेल तो आधी घरी जाईल आणि मग पोलीस चौकीत, असंही ते म्हणाले. मी उठलो तेव्हा त्यांनी विचारलं, "तुमचा भाऊ त्याच खोलीत कामाला आहे ना? जमेल?"

"जमेल," मी म्हणालो. मला त्या वेळी स्वतःचा थोडा अभिमानच वाटला.

ती खोली म्हणजे कंट्रोल रूम. भिंतभर पडदे, पडद्यांवर रस्ता, आणि समोर खुर्च्यांत बसून डोळे चोळणारी माणसं. दर यंत्र ठरवत असलं तरी अडीनडीला माणसाला तो खाली आणता येतो. फुकटच्या लेनमध्ये ट्रक आडवा झाला, अपघात झाला, तर दर उतरवून अडकलेल्या गाड्या कडेच्या लेनमध्ये सोडायच्या, अशी सोय आहे. कुणाच्या हाताने दर उतरला हे खरं तर लगेच कळायला हवं. पण पहिल्या दिवसापासून सगळे एकच पासवर्ड वापरतात, आणि तो चहाच्या किटलीवरच्या भिंतीला चिकटवलेला आहे. तो बदला म्हणून मी किती वेळा सांगितलं असेल. शिवाय सगळ्या रस्त्यावर कॅमेरे, पण ते कॅमेरे बघणाऱ्या खोलीत एकही नाही. तेव्हा आता एकच उपाय होता, दर उतरतो त्या क्षणी हात कुणाचा आहे ते कुणीतरी डोळ्यांनी बघणं.

सकाळच्या पाळीत तिघं असायची. एक बाई, जिचा नवरा टॅक्सी चालवतो. माझ्या मनात शंकेची पाल तिथेच पहिल्यांदा चुकचुकली. दुसरा एक लुकडा गृहस्थ, जो अर्धा वेळ झोपेत असतो आणि उरलेला अर्धा वेळ झोप आली म्हणून सांगत असतो. आणि तिसरा माझा दादा.

दादा या रस्त्यावर माझ्याही आधीपासून आहे. पूर्वी लेनच्या तोंडाशी नाके होते, तेव्हा तो नाक्याच्या खोक्यात बसून सुटे पैसे द्यायचा आणि दांडा वर करायचा. नाके गेले, गाडीच्या काचेवरच्या चिकटपट्टीवरून आपोआप पैसे कापले जाऊ लागले, तेव्हा बऱ्याच जणांना नारळ मिळाला. दादाला कंट्रोल रूममध्ये घेतलं. मी तेव्हा नुकताच या जागेवर आलो होतो, आणि दादाला मी चिकटवला असं लोक बोलत होते. मी चिकटवला नव्हता. पण लोक तसं बोलतात म्हणून तेव्हापासून मी ऑफिसात दादाशी गरजेपुरतंच बोलतो.

राहतो मात्र एकाच इमारतीत. वर दादा आणि वहिनी, खाली मी, बायको आणि आई. आईला मणक्याचं दुखणं आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी तिला शहराच्या दुसऱ्या टोकाच्या दवाखान्यात पाठ ताणून घ्यायला न्यावं लागतं. गाडी चालती असली की तिला बरं वाटतं. पण थांबली, हलली, पुन्हा थांबली, की प्रत्येक धक्का तिच्या पाठीत शिरतो. ती बोलत नाही. डोकं काचेला टेकवते आणि डोळे मिटून घेते.

तिला मी नेतो, आणि माझा एक नियम आहे. दर शंभराच्या आत असेल तर कडेच्या लेनमध्ये गाडी घालायची, वर असेल तर नाही. कुठेतरी रेघ ओढावी लागते. कंपनीच्या माणसाला सवलत नाही, आणि तो दर कसा फुगतो हे मला आतून माहीत आहे. बायको म्हणते, तुम्ही स्वर्गाच्या दारातसुद्धा आधी दर विचाराल आणि बाहेर थांबाल. तिला काय कळतंय. पाटीजवळ आलं की मी गाडी जरा हळू करतो, थोडा धीर धरतो, आणि बहुतेक वेळा दर उतरतोच. घाई करणारे लुटले जातात, हे मी घरात सगळ्यांना ऐकवलेलं आहे.

चौकशी हातात घेतल्यावर मी आधी टॅक्सीवाल्याच्या मागे लागलो. तो बिचारा सकाळी झोपलेला असतो, त्याची पाळी संध्याकाळची. लुकड्याला बटण दाबण्याइतकी जाग असेल असं मला कधीच वाटलं नव्हतं. मग उरला दादा. आणि एकदा उरला म्हटल्यावर सगळं त्याच्याकडेच बोट दाखवायला लागलं. दर उतरायचे ते मंगळवारी आणि शुक्रवारी. म्हणजे नेमके मी आईला घेऊन जातो आणि ऑफिसात उशिरा पोचतो ते दिवस. माझी पाठ वळलेली असते तेव्हाच हा कारभार उरकायचा, असा हिशोब त्याने केला असणार. भाऊ असल्यामुळे माझं येणंजाणं त्याच्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार होतं?

एक गोष्ट तेवढी खटकत होती. चोर असेल तर तो दर अगदी तळाला नेईल. हा नव्वदच्या घरातच का थांबवतो? मी मनाशी ठरवून टाकलं की चोर हुशार आहे, फार खाली नेला तर डोळ्यांवर येईल हे त्याला कळतं.

मग घरातही माझे डोळे फिरायला लागले. वहिनीने नवा चष्मा केला होता. काच साधी की महागाची, ते मी तिने तो टेबलावर ठेवला तेव्हा हळूच उचलून पाहिलं. दादा गच्चीवर जाऊन फोनवर बोलायचा आणि मी गेलो की आवरतं घ्यायचा. त्याआधीची एक गोष्टही आता मला वेगळी दिसू लागली. एकदा सगळे एकत्र जेवत असताना दादाने माझ्या ताटाशेजारी एक पाकीट ठेवलं होतं. आईला नेशील तेव्हा पैशांच्या लेननेच ने, त्यासाठी हे, असं म्हणाला होता. कंट्रोल रूममध्ये वरकमाई सुरू झाली का, असं मी विचारलं होतं. चेष्टेतच, पण विचारलं होतं. वहिनीचा हात ताटातच थांबला. दादाने पाकीट उचलून खिशात घातलं आणि पाण्याचा ग्लास पुढे ओढला. आता मला वाटू लागलं की माझा नेम तेव्हा नकळत बरोबर बसला होता.

बायकोला हे सांगितलं तर ती माझ्याकडे बघतच राहिली. "स्वतःच्या भावाला तुम्ही ओळखत नाही?" ती म्हणाली. ओळखतो असं ज्याला वाटतं तोच फसतो, असं मी तिला सुनावलं. ती उठून आत गेली आणि दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलली.

सापळा मी एका शुक्रवारी लावला. मी स्वतः कंट्रोल रूममध्ये जाऊन बसलो असतो तर दादाने हात बांधून ठेवले असते. म्हणून कॅमेऱ्यांचं काम बघणाऱ्या इंजिनिअर बाईंना विश्वासात घेतलं. त्यांनी पडदा दुरुस्त करण्याच्या निमित्ताने दादाच्या मागे बसायचं, फोन चालू ठेवायचा आणि दादाचे हात सोडून कशाकडेही बघायचं नाही. मी रस्त्यावर असणार होतो, पाटीजवळ. दर उतरला की कोणती गाडी आत शिरते ते मी टिपणार, म्हणजे देणारा आणि घेणारा दोघंही एकदम हातात. आईला न्यायचंच होतं, त्यामुळे वेगळी फेरीही पडणार नव्हती.

त्या सकाळी रस्ता नेहमीपेक्षाही तुंबलेला होता. आई शेजारच्या सीटवर, पाठीमागे उशी घेऊन बसली होती. फोन मी पुढे लावून ठेवला होता आणि आवाज मोठा केला होता. ऑफिसचं काम आहे, असं आईला सांगितलं. पाटी दिसू लागली. तिच्यावर तीन आकडे होते. मी नेहमीसारखी गाडी हळू केली, मागच्याने भोंगा वाजवला, मी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही.

इंजिनिअर बाई हळू आवाजात सांगत होत्या. दादांनी पाटीजवळचा कॅमेरा फिरवला. आता ते गाड्या बघताहेत, एकेक करून. कुणाला तरी शोधताहेत. थांबले. आता पुढे वाकले. हात माऊसवर गेला.

"पाडला," त्या म्हणाल्या. "आत्ता. बघा, सर, पहिली गाडी कोणती शिरते ते बघा."

मी वर पाहिलं. पाटीवर अठ्ठ्याण्णव होते. आणि माझा हात, मला न विचारता, गाडी कडेला घेण्याचा दिवा लावून मोकळा झाला होता. माझ्या पुढे कोणी नव्हतं. लेन रिकामी होती, आरशासारखी लख्ख, आणि तिच्यात शिरणारी पहिली गाडी माझी होती.

मी तरीही इकडेतिकडे पाहिलं, हे खरं सांगतो. माझ्या मागून एखादी टॅक्सी, एखादी मोठी काळी गाडी येतेय का ते आरशात पाहिलं. तेवढ्यात आईने कॅमेऱ्याच्या खांबाकडे बघून हात वर केला.

"काय करतेस?" मी विचारलं.

"दादाला दाखवते, निघालो म्हणून. तो बघतो ना त्यातून."

"तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? तू पाटीखाली रेंगाळतोस आणि मग ती उतरते. दर खेपेला. मला वाटलं, तुम्हा दोघांचं ठरलेलं आहे."

फोन चालूच होता. मग इंजिनिअर बाई म्हणाल्या की सर, मी ठेवते, आणि त्यांनी फोन ठेवला. गाडी आता चांगल्या वेगात होती. आईने उशी सारखी केली आणि बाहेरची झाडं बघत बसली. मला इतकी लाज वाटत होती की दवाखाना येईपर्यंत मी तिच्याकडे एकदाही पाहिलं नाही. आणि लाजेच्या खाली, कुठेतरी, राग होता. मला न विचारता माझ्यासाठी काही करायचा हक्क त्याला कुणी दिला?

संध्याकाळी मी वर गेलो. दादा गच्चीच्या दाराच्या बिजागरीला तेल देत होता. मी आल्याचं बघून त्याने दार एकदा उघडून आणि मिटून पाहिलं, मग तेलाची बाटली खाली ठेवली. काय झालं असेल ते त्याला माझ्या तोंडावरूनच कळलं असावं.

"का केलंस?" मी विचारलं.

त्याने आढेवेढे घेतले नाहीत. पहिल्या वेळी खरंच अडथळा होता, म्हणाला. एक टेंपो बंद पडला होता म्हणून त्याने नियमाप्रमाणे दर उतरवला, आणि पडद्यावर माझी गाडी लगेच आत वळलेली त्याला दिसली. आई काचेपासून डोकं उचलून सरळ बसलेली दिसली. पुढच्या खेपेला अडथळा नव्हता. माझी गाडी पाटीखाली हळू झाली, मग तशीच पुढे गेली आणि गर्दीत उभी राहिली. आईचं डोकं काचेला टेकलेलं होतं. कॅमेरा चांगला आहे रे, तो म्हणाला, सगळं दिसतं. त्यानंतर त्याला राहवलं नाही. शंभराच्या आत आणलं की तू वळतोस, हे सगळ्या घराला माहीत आहे, म्हणाला.

मी म्हणालो, मला सांगायचं होतंस. मी तुझ्याकडून पैसे घेतले असते.

"घेतले असतेस?" दादा म्हणाला.

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती आणि तिच्या डोळ्यांवर तो नवा चष्मा होता.

मग मी जे बोललो ते सांगायलाच हवं. मी म्हणालो की अजून कुणाला काही ठाऊक नाही. इंजिनिअर बाई माझ्या शब्दाबाहेर नाहीत. टॅक्सीवाल्याच्या बायकोचं नाव पुढे केलं तर कुणालाही पटेल, मलाही पटलं होतं. दादा माझ्याकडे असा बघत राहिला की जणू मी दुसऱ्याच कुणाच्या घरात शिरून बोलतोय.

"तिच्या नावाला हात लावलास तर मी उद्या साहेबांच्या दारात जाऊन उभा राहीन," तो म्हणाला. "जे झालं तेच सांग. जसंच्या तसं. नोकरी जायची असेल तर जाईल. पण चोर म्हणून जायला नको. एवढं बघ. एवढंच बघ."

ते मी बघणार होतो. रात्रभर मनात जुळवाजुळव केली. आजवर मी कितीतरी माणसांबद्दल साहेबांना पटवून दिलं होतं की ती चोर आहेत. एक माणूस चोर नाही हे पटवायला काय लागतं, हे मला पहिल्यांदाच बघावं लागणार होतं.

सोमवारी साहेबांसमोर बसलो आणि सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. साहेब माझ्या हातांकडे बघत ऐकत होते. माझं सांगून झाल्यावर ते म्हणाले, म्हणजे गाडी तुमची, भाऊ तुमचा आणि चौकशीही तुमचीच.

मी म्हणालो, हो, पण मला ठाऊक नव्हतं. त्यावर त्यांनी शांतपणे विचारलं की आपली गाडी आली की दर वेळी पाटी उतरते, हे दक्षता अधिकाऱ्याच्या लक्षात आलं नाही? मला वाटायचं मी धीर धरतो म्हणून उतरते, असं मी म्हणालो. हे वाक्य माझ्या तोंडून बाहेर पडत असतानाच मला ऐकू आलं ते कसं वाटतंय. साहेबांनी पेन उचललं आणि पुन्हा ठेवलं.

मग मी माझाच पंचनामा केला. मी म्हणालो, साहेब, मी कंजूष आहे. कुणालाही विचारा. माझ्या बायकोला फोन लावा. मी टूथपेस्टची नळी कात्रीने कापून आतलं पुसून घेतो. एकाच सोसायटीतल्या दोन दुकानांत साबणाचा भाव विचारून मग घेतो. आई दुखण्याने डोळे मिटून बसलेली असताना मी पाटीवरचा आकडा बघून पुढे गेलो आहे, एकदा नाही, पुष्कळदा. हे माझ्या भावाने भिंतीएवढ्या पडद्यावर पाहिलं. त्याने पैसे देऊ केले तर मी ते कुठून आले म्हणून विचारलं. मग त्याच्या हातात जे होतं ते त्याने केलं. चूक केली. पण त्याने एक पैसा घेतला नाही आणि मला कधी बोलूनही दाखवलं नाही.

साहेबांनी खुर्ची थोडी मागे सरकवली. मला वाटलं, पटलं. पटतंय.

"एक सांगा," ते म्हणाले. "हीच गोष्ट तुमच्यासमोर कुणी आणली असती. गाडी एका भावाची, बटण दुसऱ्या भावाच्या हातात. एकाला काही ठाऊक नाही, दुसऱ्याने काही घेतलं नाही. तुम्ही मानलं असतं?"

मी खोटं बोलू शकलो असतो. पण समोर बसलेला माणूस माझ्याच मुशीतला होता, त्याला खोटं लगेच दिसलं असतं. आणि दादाने सांगितलं होतं, जसंच्या तसं.

"नाही," मी म्हणालो.

"मग काय लिहिलं असतं?"

"दोघांचं संगनमत आहे, असं लिहिलं असतं."

साहेबांनी मान डोलावली आणि तेवढंच लिहिलं. लिहिताना त्यांनी तो शब्द हळू आवाजात उच्चारून पाहिला, नीट बसतोय ना ते बघण्यासाठी. वर्तमानपत्रात बोभाटा नको म्हणून पोलिसांपर्यंत जायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. दादाला त्याच दिवसापासून घरी बसवलं. मला चौकशी पुरी होईपर्यंत रजेवर जायला सांगितलं, आणि ती चौकशी करायला लुकड्याच्या साडूला नेमलं. हा साडू कोण, कुठला, त्याचं लुकड्याशी पटतं की नाही, असं माझ्या मनात लगेच सुरू झालं. सवय अशी एका दिवसात जात नाही.

इमारतीत शिरताना शेजारच्या बिऱ्हाडातल्या काकूंनी नेहमीसारखं, आज लवकर, असं विचारलं. त्यांना कुणी काय सांगितलं असेल, असा विचार करत मी जिना चढलो. खाली न थांबता सरळ वर गेलो. दादा जेवायला बसला होता. वहिनीने माझंही ताट घेतलं, पण मी बसलो नाही. उभ्या उभ्या सगळं सांगितलं.

दादाने हातातला घास खाली ठेवला.

"संगनमत हा शब्द कुणाचा?" त्याने विचारलं.

"माझा."

मला वाटलं, आता तो मला बोलेल, आणि मला ते हवंच होतं. पण तो एवढंच म्हणाला की खरं विचारलं तर तू खरं सांगितलंस, आता उभा राहू नकोस, बस. मी बसलो. वहिनीने मात्र माझ्या ताटात पुन्हा वाढलं नाही.

जेवण झाल्यावर दादाने हात पुसले आणि माझ्यासमोर पंजा धरला.

"गाडीची किल्ली दे. उद्या मंगळवार आहे. आता मी मोकळाच आहे, आईला मी नेत जाईन."

मी किल्ली काढून त्याच्या हातावर ठेवली. टाकीत पेट्रोल किती आहे ते मला तोंडपाठ होतं. आणि तू कोणत्या लेनने नेणार, दर किती असेल तर आत घालणार, हा प्रश्न माझ्या अगदी ओठांवर आला. खोटं कशाला सांगू, आला. दादाने किल्ली मुठीत धरली आणि तो तसाच थांबून राहिला, जणू मी विचारतो की नाही याची वाट बघत होता. मी विचारलं नाही. मग तो आईला उद्याची वेळ सांगायला खाली उतरला.